गर्दीचे गणित मांडणारा शिक्षक : आग्नेर एर्लांग

विजेच्या दिव्यावर वॅटचा आकडा छापलेला असतो, बॅटरीवर व्होल्टचा आणि फ्यूजवर अँपिअरचा. जेम्स वॅट, आलेस्सांद्रो व्होल्टा आणि आंद्रे-मारी अँपिअर या तिघांची नावे अशी रोजच्या व्यवहारात विरघळून गेली आहेत की ती माणसांची नावे आहेत, हेही आपण विसरतो. याच मालिकेतील एक नाव मात्र सामान्य वाचकाच्या कानावर क्वचितच पडते. टेलिफोनच्या मार्गावर किती वाहतूक आहे हे ज्या एककात मोजतात, त्याला एर्लांग म्हणतात. दूरसंचार अभियंत्यांच्या जगात हे नाव वॅट आणि व्होल्टइतकेच परिचित आहे.

आग्नेर क्रारुप एर्लांग हे डेन्मार्कमधील गणिती. त्यांनी टेलिफोन शोधला नाही आणि नवे यंत्र बनवून संपत्तीही मिळवली नाही. एका टेलिफोन कंपनीत जवळपास वीस वर्षे नोकरी करताना त्यांनी एका साध्या प्रश्नाचा पाठपुरावा केला. ज्या मार्गावर कधी गर्दी असते आणि कधी शुकशुकाट, त्या मार्गावर किती लाइन टाकाव्यात? लाइन कमी पडल्या तर लोकांचे बोलणे अडते; जास्त टाकल्या तर पैसा तांब्यात पुरला जातो. या दोहोंमधील नेमकी जागा अंदाजाने ठरवण्याऐवजी हिशेबाने ठरवता येते, हे त्यांनी दाखवून दिले. आज समुद्रतळावरून आणि रस्त्याकडेच्या चरांतून धावणाऱ्या प्रकाशतंतूंचे जाळे आखताना, आणि त्यातील एखादा तंतू तुटला तर उरलेल्या जाळ्याने भार कसा पेलावा हे ठरवताना, त्याच हिशेबाची पुढची पाने उलटली जातात.

शाळामास्तरांचे घर

एर्लांग यांचा जन्म १ जानेवारी १८७८ रोजी डेन्मार्कच्या जटलंड प्रांतातील ल्योनबोर्ग या लहानशा गावी झाला. वडील हान्स निल्सन एर्लांग गावच्या शाळेचे शिक्षक होते आणि चर्चच्या कारभाराची नोंद ठेवण्याचे कामही त्यांच्याकडे होते. आई माग्दालेने क्रारुप धर्मोपदेशकांच्या घराण्यातील. तिच्या पूर्वजांत सोळाव्या-सतराव्या शतकातील गणिती थॉमस फिंके यांचा समावेश होता. त्रिकोणमितीतील टॅन्जंट आणि सेकंट ही नावे रूढ करणारे ते हेच फिंके. गणिताचा हा वारसा काही पिढ्या सुप्त राहून ल्योनबोर्गच्या शाळेच्या आवारात पुन्हा उगवला, असे म्हणता येईल.

आग्नेर यांना फ्रेडरिक नावाचा थोरला भाऊ आणि मारी व इंगेबोर्ग या दोन धाकट्या बहिणी होत्या. संध्याकाळी दोघे भाऊ एकाच पुस्तकावर बसत. पुस्तक फ्रेडरिकच्या समोर सरळ असे आणि टेबलाच्या पलीकडे बसलेला आग्नेर तेच पान उलट्या बाजूने वाची. एकाच वस्तूकडे समोरच्या बाजूने पाहण्याची ही सवय त्यांना पुढे उपयोगी पडली असावी. आकाशातील ग्रहताऱ्यांचे त्यांना विलक्षण वेड होते. खगोलशास्त्रीय विषयांवर कविता रचणे हा त्यांच्या बालपणाचा एक विरंगुळा होता.

वयाच्या चौदाव्या वर्षी ते कोपनहेगन विद्यापीठाची प्राथमिक परीक्षा विशेष प्राविण्यासह उत्तीर्ण झाले. परीक्षेला बसण्यासाठी वय पुरेसे नसल्याने खास परवानगी घ्यावी लागली होती. त्यानंतर दोन वर्षे त्यांनी वडिलांच्याच शाळेत साहाय्यक शिक्षक म्हणून काम केले आणि त्या काळात फ्रेंच व लॅटिन या भाषा आत्मसात केल्या. पुढे शिकण्याची इच्छा होती, पण शाळामास्तरांच्या तुटपुंज्या मिळकतीत शहरातील खर्च भागणे कठीण होते. दूरच्या एका नातलगाने राहण्याजेवणाची सोय केली, त्यामुळे फ्रेडरिक्सबोर्ग येथे राहून त्यांना प्रवेश परीक्षेची तयारी करता आली. १८९६ मध्ये ती परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण होऊन त्यांनी शिष्यवृत्ती मिळवली आणि कोपनहेगन विद्यापीठात प्रवेश घेतला. मुख्य विषय गणित. जोडीला खगोल, भौतिक आणि रसायनशास्त्र. त्सॉयथेन आणि युएल या प्राध्यापकांच्या व्याख्यानांमुळे भूमितीची गोडी लागली, ती आयुष्यभर टिकली. १९०१ मध्ये ते पदवीधर झाले.

वर्गातून प्रयोगशाळेकडे

पदवीनंतरची सात वर्षे त्यांनी निरनिराळ्या शाळांत शिकवण्यात घालवली. शिक्षक म्हणून ते चांगले होते, मात्र ओढा संशोधनाकडे होता. स्वभाव अबोल. चारचौघांत मिसळण्यापेक्षा बाजूला राहून निरीक्षण करणे त्यांना आवडे. बोलणे मोजके असल्याने मित्रमंडळींनी त्यांना त्यांच्या एकांतप्रियतेवरून गमतीचे टोपणनावही दिले होते. सुट्टीच्या दिवसांत ते फ्रान्स, स्वीडन, जर्मनी आणि ब्रिटन येथे प्रवास करीत आणि तेथील चित्रसंग्रहालये व ग्रंथालये पाहत.

शिकवता शिकवता गणिताचा अभ्यास चालूच होता. हायगेन्स यांच्या एका समस्येवरील उत्तराबद्दल १९०४ मध्ये विद्यापीठाने त्यांचा गौरव केला. डॅनिश गणितज्ञांच्या मंडळाच्या बैठकांना ते नियमाने जात. तेथेच त्यांची योहान येन्सन यांच्याशी ओळख झाली. गणिताच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेली येन्सन यांची असमानता १९०६ मध्ये मांडणारे ते हेच गृहस्थ. विशेष असे की येन्सन हे पेशाने प्राध्यापक नव्हते. ते कोपनहेगन टेलिफोन कंपनीचे मुख्य अभियंता होते आणि नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात उच्च दर्जाचे गणित करीत.

येन्सन यांनी या तरुण शिक्षकाची कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक फ्रित्स योहान्सन यांच्याशी गाठ घालून दिली. योहान्सन यांनाही ग्राहकांना करावी लागणारी प्रतीक्षा सतावत होती आणि त्या विषयावर त्यांनी स्वतः लेखन केले होते. व्यवसायाच्या अडचणीत गणिताचा प्रश्न दडलेला आहे हे ओळखणारा संचालक आणि गणिती मुख्य अभियंता, असा योग एकाच कंपनीत जुळून आला होता. १९०८ मध्ये एर्लांग यांनी शाळा सोडली आणि ते टेलिफोन कंपनीत दाखल झाले. थोड्याच काळात तेथील नव्या प्रयोगशाळेची धुरा त्यांच्याकडे आली.

प्रयोगशाळा हा शब्द ऐकून भव्य दालन डोळ्यांसमोर येत असेल, तर ते चित्र पुसावे लागेल. सुरुवातीला त्यांच्या हाताखाली साहाय्यक नव्हते. जमिनीखालील केबलना भटक्या विद्युत प्रवाहांमुळे पोहोचणारी इजा तपासणे हे त्यांच्या कामांपैकी एक होते. शिडी घेतलेला एक कामगार आणि त्याच्यासोबत हे गणितज्ञ, अशी जोडी कोपनहेगनच्या रस्त्यांवर दिसे. मॅनहोलचे झाकण उघडायचे, शिडी आत सोडायची, खाली उतरून मोजमाप घ्यायचे आणि पुढच्या मॅनहोलकडे निघायचे. वाहतुकीचा सिद्धान्त मांडणाऱ्या या माणसाला तारा जमिनीखाली कशा पसरल्या आहेत, त्यांना काय होते आणि त्या कशा खराब होतात, याची प्रत्यक्ष ओळख अशी झाली. विद्युत मापनाची उपकरणे सुधारणे आणि लॉगॅरिथमची सुटसुटीत कोष्टके तयार करणे, ही कामेही त्यांनी याच काळात केली.

नियम नसलेल्या गोष्टीतील नियम

त्या काळी बहुतेक टेलिफोन केंद्रे ऑपरेटरच्या हातांनी चालत. ग्राहकाने फोन उचलला की फलकावर खूण उमटे. ऑपरेटर हवा तो क्रमांक विचारून दोन लाइन वायरने जोडून देई. ऑपरेटर किती नेमाव्यात, दोन केंद्रांमध्ये किती लाइन टाकाव्यात, हे अनुभवाने ठरे. कॉल केव्हा येईल आणि किती वेळ चालेल, हे कोणीच सांगू शकत नसल्याने यात हिशेबाला जागा नाही, असा सर्वसाधारण समज होता.

एर्लांग यांनी नेमकी ही अनिश्चितताच हाताशी धरली. हजारो ग्राहक एकमेकांना न विचारता, आपापल्या निमित्ताने फोन करतात. एकेकाच्या कृतीचा अंदाज बांधता येत नाही, पण सर्वांच्या बेरजेला एक घाट असतो. फ्रेंच गणिती प्वासाँ यांनी १८३७ मध्ये अशा विरळ आणि परस्परांवर अवलंबून नसलेल्या घटनांचा नियम मांडला होता. प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेने होणारे मृत्यूही त्याच नियमाने चालतात, असे बोर्टकेविच या संख्याशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये दाखवले होते. टेलिफोनवर येणारे कॉलही याच नियमाला धरून येतात, हे एर्लांग यांनी १९०९ च्या आपल्या पहिल्या महत्त्वाच्या निबंधात सिद्ध केले.

यानंतर १९१७ मध्ये त्यांचा सर्वांत गाजलेला निबंध डॅनिश भाषेत प्रसिद्ध झाला. तोवर स्वयंचलित केंद्रांचे युग सुरू होत होते. स्वयंचलित केंद्रात सर्व लाइन व्यापलेल्या असताना आलेला कॉल नाकारला जातो. असे नाकारले जाणारे कॉल शेकडा किती असतील, हे वाहतूक आणि लाइनची संख्या या दोनच गोष्टींवरून काढून देणारे सूत्र या निबंधात होते. नकार मिळण्याऐवजी कॉलने रांगेत थांबायचे असेल, तर थांबावे लागण्याची शक्यता किती, याचे दुसरे सूत्रही त्यात होते. अभियंते आजही या सूत्रांना एर्लांग-बी आणि एर्लांग-सी म्हणतात. लवकरच निबंधाचा इंग्रजी अनुवाद ब्रिटिश पोस्ट खात्याच्या अभियंत्यांच्या नियतकालिकात आला आणि तेथील टेलिफोन व्यवस्थेने ही पद्धत स्वीकारली.

किती नकार चालतील?

या सूत्राचे मर्म समजण्यासाठी अवघड गणिताची गरज नाही. एका तासात तीन-तीन मिनिटांचे सरासरी २० कॉल येतात असे धरू. एकूण ६० मिनिटांचे बोलणे, म्हणजे एक लाइन तासभर सलग व्यापण्याइतकी वाहतूक. हीच १ एर्लांग. मग एकच लाइन पुरायला हवी, असे वरवर वाटते. पण कॉल रांगेने, एकापाठोपाठ एक येत नाहीत. दोन एकदम येतात आणि मग बराच वेळ एकही येत नाही.

सूत्र सांगते की एकच लाइन असेल तर दर २ कॉलपैकी १ नाकारला जाईल. दोन लाइन असतील तर ५ पैकी १, तीन असतील तर १६ पैकी १, चार असतील तर ६५ पैकी १ आणि पाच असतील तर ३२६ पैकी १. पाचव्या लाइनचा बहुतेक वेळ रिकामाच जातो. निव्वळ कमाईच्या दृष्टीने पाहणाऱ्याला ती वायफळ खर्च वाटेल. तरीही मध्यरात्री डॉक्टरांना बोलावू पाहणाऱ्या एखाद्या घराला लाइन मिळते, ती या रिकाम्या पाचव्या लाइनमुळे.

एर्लांग यांच्या कामाचा खरा प्रभाव येथे आहे. एकही नकार नसलेली व्यवस्था मर्यादित लाइनमध्ये शक्यच नाही, हे त्यांच्या सूत्राने उघड केले. त्यामुळे नकार असावेत की नसावेत हा वाद संपला आणि किती नकार चालतील, हा प्रश्न समोर आला. टेलिफोन कंपनीला आणि समाजाला तो आकडा आधीच, डोळे उघडे ठेवून ठरवावा लागला. शंभरात एक चालेल काय? हजारात एक हवा काय? प्रत्येक उत्तराची किंमत सूत्रातून लाइनच्या संख्येत काढता येते. सेवेचा दर्जा हा शब्द त्यामुळे जाहिरातीतून मोजपट्टीवर आला.

याच सूत्रातून आणखी एक गोष्ट निघते. दहा गावे आहेत, प्रत्येकाची वाहतूक १० एर्लांग आहे आणि शंभरात एकापेक्षा अधिक नकार नको आहे. प्रत्येक गावाला स्वतंत्र मार्ग दिला तर १८ लाइन लागतात, म्हणजे एकूण १८०. सर्वांची वाहतूक एकत्र करून एकाच मार्गावर नेली, तर १०० एर्लांगसाठी सुमारे ११७ लाइन पुरतात. एका गावात शांतता असताना दुसऱ्यात गर्दी असते, म्हणून वाटून घेतलेली रिकामी जागा कमी लागते. गेल्या शंभर वर्षांत जगातील दूरसंचार मार्ग अधिकाधिक मोठे आणि एकवटलेले होत गेले, त्यामागे हे एक मोठे आर्थिक कारण आहे. मात्र दहा गावांचे बोलणे एका केबलमध्ये गेले की एका कुदळीच्या घावाने दहाही गावे मुकी होतात.

अकाली अखेर

एर्लांग अविवाहित राहिले. रात्री उशिरापर्यंत काम आणि वाचन हाच दिनक्रम. गणित, खगोल आणि भौतिकशास्त्राच्या पुस्तकांचा त्यांचा संग्रह मोठा होता. इतिहास, तत्त्वज्ञान आणि काव्य यांतही त्यांना रुची होती. अडलेनडलेले लोक मदतीसाठी थेट प्रयोगशाळेत येत आणि ते कोणाला कळू न देता मदत करीत. लेखनही स्वभावासारखेच आटोपशीर होते. काही निष्कर्ष ते सिद्धता न देताच मांडत. कॉलची लांबी कमीजास्त कशीही असली तरी नकाराचे प्रमाण केवळ सरासरी लांबीवर अवलंबून असते, ही त्यांच्या सूत्रामागील खोल गोष्ट पुरेशा काटेकोरपणे सिद्ध व्हायला १९५७ साल उजाडावे लागले. ते काम सोव्हिएत गणिती सेवास्त्यानोव यांनी केले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील एक संशोधक एर्लांग यांचे निबंध मुळातून वाचता यावेत म्हणून डॅनिश भाषा शिकला, असे सांगितले जाते.

जवळपास वीस वर्षांच्या नोकरीत आजारपणासाठी त्यांनी कधी रजा घेतली नव्हती. जानेवारी १९२९ मध्ये पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांना रुग्णालयात जावे लागले आणि काही दिवसांनी, रविवार, ३ फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ५१ वर्षांचे होते.

१९४६ मध्ये दीर्घ पल्ल्याच्या टेलिफोनसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय समितीने वाहतुकीच्या एककाला एर्लांग हे नाव दिले. दोनच वर्षांनी, १९४८ मध्ये, त्यांच्या जुन्या कंपनीने त्यांचे चरित्र आणि समग्र निबंध एका ग्रंथात प्रसिद्ध केले.

काचेच्या तंतूंचे मजले

त्यांच्या मृत्यूनंतर मार्गांचे स्वरूप पूर्ण पालटले. १९६६ मध्ये चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी शुद्ध काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या साहाय्याने दूरवर संदेश धाडता येतील, असे प्रतिपादन केले. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी तसा तंतू बनवूनही दाखवला. आज केसाइतक्या बारीक एका तंतूतून वेगवेगळ्या तरंगलांबीचे, म्हणजे जणू वेगवेगळ्या रंगांचे, ऐंशी किंवा त्याहून अधिक प्रकाशप्रवाह एकाच वेळी धावू शकतात. एर्लांग यांनी गावांची वाहतूक एकत्र आणण्याचा जो लाभ मोजला होता, त्याचा हा परमोच्च बिंदू म्हणावा लागेल. धोकाही त्याच प्रमाणात वाढला.

हे जाळे एखाद्या बहुमजली इमारतीसारखे असते. तळाशी जमिनीतील चर आणि त्यातील केबल. त्यावर प्रकाशाच्या तरंगलांबींचा मजला. त्याच्यावर या तरंगलांबींत भरल्या जाणाऱ्या मोठ्या वाहिन्यांचा मजला आणि सर्वांत वर इंटरनेटचे राउटर. वरच्या मजल्यावरील अभियंत्याला दोन शहरांमध्ये दोन स्वतंत्र मार्ग दिसतात आणि तो निश्चिंत होतो. तळमजल्यावर मात्र ते दोन्ही मार्ग एकाच चरातून, कधी एकाच पुलाच्या कडेने गेलेले असू शकतात. एक दरड कोसळली की दोन्ही एकदम जातात. म्हणून जाळ्याची आखणी करताना कोणत्या वाटा कोठे एकाच संकटाच्या वाटेकरी आहेत, याची यादी खालपासून वरपर्यंत ठेवावी लागते.

तुटलेला मार्ग कोणत्या मजल्याने सावरायचा, हाही मोठा प्रश्न असतो. तळाजवळच्या मजल्यावर दुहेरी कड्याची रचना असेल, तर प्रकाशप्रवाह उलट दिशेने फिरवून सेवा साधारण ५० मिलिसेकंदांत पूर्ववत करता येते; बोलणाऱ्याला खंडही जाणवत नाही. वरचे राउटर आपापसांत विचारविनिमय करून नवा मार्ग शोधतात, त्याला एरवी अधिक वेळ लागतो, पण ते वाहतूक बारकाईने वाटून देऊ शकतात. दोन्ही मजले एकाच वेळी धावपळ करू लागले तर गोंधळ वाढतो. म्हणून वरच्या मजल्याने क्षणभर थांबावे, खालच्याला संधी द्यावी आणि तेथे जमले नाही तरच हात घालावा, असा शिरस्ता पुष्कळ ठिकाणी पाळतात.

मात्र मार्ग कितीही चपळाईने बदलला, तरी नव्या मार्गावर जागा नसेल तर उपयोग काय? चोर्ला घाट बंद झाल्यावर बेळगावची वाहने अनमोड आणि आंबोलीकडे वळतात, तेव्हा त्या घाटांची रुंदी वाढलेली नसते. येथे पुन्हा १९१७ चे सूत्र हाताशी येते. दोन शहरांमध्ये दोन मार्ग आहेत, प्रत्येकावर ५० एर्लांग वाहतूक आणि ६४ लाइन आहेत असे समजू. रोजच्या दिवशी शंभरात एकाहून कमी कॉल नाकारले जातात, सारे आलबेल. एक मार्ग तुटला की दुसऱ्यावर १०० एर्लांगचा भार येतो आणि दर शंभर कॉलपैकी सुमारे ३८ नाकारले जातात. पर्यायी मार्ग कागदावर होता, पण गरजेच्या वेळी तो पुरला नाही.

तुटीच्या दिवशीही शंभरात एकाचाच नकार हवा असेल, तर दोन्ही मार्गांवर सुमारे ११७ लाइन ठेवाव्या लागतात, म्हणजे एकूण २३४. त्यांतील निम्म्याहून अधिक एरवी रिकाम्या राहतील. मार्ग तीन असतील आणि भार समान वाटला, तर एक तुटल्यावर उरलेल्या दोघांवर प्रत्येकी ५० एर्लांग येतात. तेवढ्यासाठी प्रत्येक मार्गावर ६४ लाइन पुरतात, एकूण १९२. तीन वाटांचे जाळे दोन वाटांपेक्षा कमी लाइनमध्ये तेवढीच खात्री देते. तिसरा चर खणण्याचा खर्च अर्थातच वेगळा, आणि तो परवडतो की नाही याचा निवाडा पुन्हा हिशेबानेच करावा लागतो. प्रकाशतंतूंच्या जाळ्यात लाइनच्या जागी तरंगलांबी येतात, काही अटी वाढतात, पण विचाराची दिशा तीच राहते.

भारतातील वाचकांना याचा अनुभव ३० जानेवारी २००८ रोजी आला होता. इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहराजवळ भूमध्य समुद्रातील दोन केबल तुटल्या आणि भारतातील इंटरनेट मंदावले. केबल दोन होत्या, मालक निराळे होते. पण वाटेतली निमुळती जागा एकच होती.

सूत्र जेथे थांबते

एर्लांग यांच्या विचारालाही मर्यादा आहेत. लोक एकमेकांवर अवलंबून न राहता फोन करतात, हे त्यांच्या हिशेबाचे मूळ गृहीतक. महापूर आला, भूकंप झाला की ते कोसळते. त्या दिवशी सारे शहर एकाच कारणासाठी, एकाच घटकेला फोन उचलते. लाइन न मिळालेला माणूस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि गर्दीत भर घालतो. नेमक्या त्याच दिवशी तारा आणि मनोरेही कोसळलेले असतात. सामान्य दिवसाच्या सरासरीवर आखलेले जाळे अशा वेळी अपुरे पडते. म्हणूनच आणीबाणीच्या सेवांसाठी वेगळे प्राधान्य राखून ठेवावे लागते.

संगणकांच्या संभाषणाबाबतही असेच झाले. बेलकोर या अमेरिकी संस्थेतील संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले की डेटाची वाहतूक टेलिफोनच्या कॉलसारखी सपाट होत जात नाही. सेकंदाच्या पातळीवर दिसणारे उसळते झटके मिनिटांच्या आणि तासांच्या पातळीवरही तसेच राहतात. त्यामुळे इंटरनेटची जाळी आखताना एर्लांग यांचे सूत्र जसेच्या तसे चालत नाही. मात्र अनिश्चित वाहतूक आधी मोजावी, तिचा घाट ओळखावा आणि मगच क्षमता ठरवावी, ही त्यांनी घालून दिलेली शिस्त नव्या अभ्यासकांनीही सोडलेली नाही.

त्यांचे नाव आणखी एका ठिकाणी जिवंत आहे. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९८६ पासून टेलिफोन केंद्रांसाठी एक संगणकभाषा घडवण्यात आली, तिचे नाव एर्लांग. एखादा भाग बंद पडणारच हे धरून चालावे, तो पडला तर तेवढाच भाग पुन्हा सुरू करावा आणि बाकीची व्यवस्था चालू ठेवावी, हे या भाषेचे सूत्र आहे. घराघरांत वापरल्या जाणाऱ्या व्हॉट्सॲपच्या सर्व्हरसाठी याच भाषेचा उपयोग करण्यात आला.

आज केबल कोण टाकतो, किती टाकतो आणि किती जागा रिकामी ठेवतो, हे निर्णय बहुतांशी कंपन्यांच्या आणि सरकारी खात्यांच्या दालनांत होतात. रिकामी ठेवलेली क्षमता ताळेबंदात खर्च म्हणून दिसते आणि ती कमी करण्याचा मोह सर्वांनाच होतो. ती कमी केल्याचा परिणाम रोज दिसत नाही. तो केबल तुटलेल्या एका दिवशी दिसतो, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. नाकारल्या जाणाऱ्या कॉलची संख्या आधीच काढता येते, त्यामुळे तिची जबाबदारीही आधीच ठरवता येते, हे ल्योनबोर्गच्या या शाळामास्तरांच्या मुलाने शंभर वर्षांपूर्वी दाखवून ठेवले आहे. आपल्या भागातील जाळ्यासाठी तो आकडा कोणी आणि किती ठरवला आहे, एवढे विचारण्याचा अधिकार त्यामुळे प्रत्येक ग्राहकाला मिळाला आहे.